पाटलांची करंगळी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात तानूबाई नावाची हाडवैदीण राहत होती. मोडलेलं हाड ती नुसतं चाचपून ओळखायची. बांबूच्या पट्ट्या तासायची, त्यांना कापूस लावायची आणि अवयव बांधायची. नडगी मोडली तर पट्टी मांडीपासून टाचेपर्यंत. मनगट मोडलं तर कोपराखालून तळहातापर्यंत, बोटं मोकळी. जेवढं दुखणं तेवढीच पट्टी, हा तिचा नियम. पण लोकांचे सल्ले ऐकून ती कावून जायची.

एकदा बिरू धनगर कड्यावरून घसरला आणि त्याची नडगी मोडली. तानूबाईने त्याचा अख्खा पाय बांधला. सारं गाव त्याला बघायला लोटलं. त्याच आठवड्यात रंगराव पाटलांची करंगळी दारात चेंगरून मोडली. तानूबाईने बोटभर पट्टी घेतली, करंगळी शेजारच्या बोटाला जोडून बांधली आणि म्हणाली, "झालं. तीन आठवडे सांभाळा."

पाटील बघतच राहिले. "एवढीशी? धनगराला एवढी मोठी आणि मला बोटभर?"

"त्याची नडगी मोडलीय, पाटील. तुमची करंगळी."

"पण लोकांना दिसायला नको का?"

तानूबाईने कपाळावर हात मारला. धडधाकट सांधा उगाच बांधून ठेवला तर आखडतो, हे तिने तीनतीनदा सांगितलं. पाटील गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी भावकीतले चौघे घेऊन आले. चौथ्या दिवशी पाटलीणबाईंचा निरोप आला. त्या गडबडीत चुलीवरचं कालवण करपलं. पाचव्या दिवशी सकाळीच पाटील अंगणात उभे! तानूबाईचं डोकं उठलं.

"या, बसा! बांधते एकदाची. माझ्यामागची कटकट तरी जाईल."

तिने बोटापासून खांद्यापर्यंत पट्ट्या आवळल्या आणि हात झोळीत अडकवला. पाटील खुशीत गावभर मिरवले. तीन आठवड्यांनी तिने सोडायला बोलावलं, तर म्हणाले, "जत्रा होऊ द्या."

दीड महिन्याने पट्ट्या सुटल्या. करंगळी ठणठणीत होती. पण कोपर सरळ होईना, खांदा उचलेना. फेटा बांधायला हात डोक्यापर्यंत जाईना. पाटील रडकुंडीला आले.

"सांगितलं होतं ना मी, सांधा आखडतो म्हणून!" तानूबाई कडाडली.

"मला कुठे काय कळतं?" पाटील म्हणाले. "तुम्हाला कळत होतं. मग बांधलंत कशाला?"

तानूबाईने तेल कोमट केलं आणि त्यांचं कोपर चोळायला घेतलं. पुढचे चार महिने ती रोज कोमट तेल घेऊन पाटलांच्या घरी जात राहिली. खांदा सुटला, पण कोपर पूर्वीसारखं सरळ झालं नाही ते नाहीच.

तात्पर्य: कटकट टाळण्यासाठी जाणत्याने चुकीच्या गोष्टीला होकार दिला, तर हट्ट करणाऱ्यापेक्षा त्याचाच दोष मोठा ठरतो.