राजाचं वरण आणि म्हशीचं आंबोण

एक होता राजा. त्याला सालांचा भारी राग. मूग असो, हरभरा असो, सोलूनच ताटात यायला हवा. साधा वाटाणा दिसला तरी विचारायचा, "याचा सदरा काढलात का?"

ही सोलासोली करायची स्वैपाकीण सारजाबाई. डाळ राजाला, सालं गोठ्यातल्या मैना म्हशीला. एका चुलीवर राजाचं वरण, दुसऱ्या चुलीवर मैनेचं सालांचं आंबोण. मैना रोज सकाळी शेण टाकायची, अगदी वेळेवर. आणि राजाला? राजाला नऊ दिवस झाली नव्हती. काय ते तुम्हाला कळलंय, हसू नका. पोट नगाऱ्यासारखं. सिंहासनावर बसवेना.

मग वैद्य आला. एरंडेल पाजलं. काही नाही. मग पैलवान आला. पोट चोळलं. काही नाही. मग सनईवाले आले. दाराबाहेर बसून तासभर वाजवलं. सनईवाल्यांना लागली, राजाला नाही.

राजा रडकुंडीला आला. "सारजे, तुझ्या वरणानंच अडलंय! उद्या झाली नाही तर तू राज्याबाहेर!"

सकाळी सारजाबाई घाबरून पार गोंधळली. आणि काय केलं माहितेय? वरण ओतलं मैनेपुढं, आंबोण वाढलं राजाला!

राजा म्हणाला, "आज वरण खरबरीत लागतंय."

सारजाबाईनं ताटात पाहिलं. ताटात मैनेचं आंबोण! "जातं नवीन आहे, महाराज."

राजानं तीन वाट्या खाल्ल्या. मग पोटात गुडगुडलं. मग राजा उठला. मग पळाला, बरं का, मुकुटासकट.

बाहेर अख्खा दरबार श्वास रोखून उभा. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "झाली!"

तोफ उडाली. प्रधान रडला. गावभर साखर वाटली.

राजा म्हणाला, "आता रोज हेच वरण." मग काय, तीन दिवस राजाला आंबोण, मैनेला सोललेली डाळ. चौथ्या दिवशी मैना अडली. वैद्य एरंडेल घेऊन गोठ्यात गेला. मैनेनं नुसतं पाहिलं. वैद्य परत आला.

सारजाबाईला राहवेना. भर दरबारात म्हणाली, "महाराज, तुम्ही म्हशीचं खाताय, म्हैस तुमचं."

राजा उठला, आंबोणाचं पातेलं घेऊन थेट गोठ्यात गेला. मैनेच्या पाठीवर हात ठेवला. "मैनाबाई, मी नऊ दिवस काढलेत. घाबरू नका." आणि आपलं पातेलं तिच्यापुढं सरकवलं.

संध्याकाळी दुसरी तोफ उडाली.

तेव्हापासून सालासकट डाळ एकाच चुलीवर शिजते. अर्धी राजाला, अर्धी मैनेला. सारजाबाई कुठ्ठं गेली नाही. सगळ्यांची पोटं हलकी, सगळे खुशीत.

आता ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या, आणि गुमान झोपा. तोफ कुणी उडवणार नाही.