म्हातारपण मागणारा वाटसरू

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या केळीच्या वाडीत कतरीनमाय नावाची म्हातारी राहायची. ती आणि तिची नात फिलू, दोघीच. दुसऱ्या दिवशी फिलूचं लग्न. त्या गावची रीत अशी, की नवरीच्या अंघोळीचं पाणी आदल्या दिवशी आजीनंच वाडीतल्या विहिरीतून शेंदायचं, तेही गाणं म्हणत. त्याशिवाय लग्न लागायचं नाही, बरं का.

पण कतरीनमायच्या कमरेचा झाला होता विळा. डोळ्यांपुढे धुकं. हात लटलटायचे. तीनदा कळशी सोडली, तीनदा ती निम्म्यावरून परत खाली गेली. मग ती काठावर बसून रडली. म्हणाली, "देवबापा, एवढी वर्षं चालवलंस आणि ऐन वेळी हात सोडलास होय रे?"

तेवढ्यात तिथं एक वाटसरू आला. अनवाणी, तेहतिशीचा, पायांवर धूळ. म्हणाला, "माय, तुझं म्हातारपण मला देशील?"

कतरीनमायला रडता रडता हसू आलं. "अरे, हे काय कुणी मागून घेतं?"

"मला ते मिळालंच नाही," तो म्हणाला.

मग त्यानं तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला. धुकं गेलं. विहिरीतला मासासुद्धा दिसायला लागला. पण तिच्या नवऱ्यानं, पास्कूनं, जाताना तिचा हात घट्ट धरून ठेवला होता ना, ते ती विसरली. विसरल्याचं कळलंही नाही.

मग त्यानं कमरेवरून हात फिरवला. कंबर ताठ. एका दमात कळशी वर. तिनं गायला तोंड उघडलं, तर गाणं कुठाय? सासूनं शिकवलेलं गाणं, एक ओळ आठवेना.

मग त्यानं केसांवरून हात फिरवला. केस काळेभोर, गाल गुळगुळीत. इतक्यात फिलू शोधत आली. बघते तर लुगडं मायचं, बाई परकी. आणि कतरीन तिलाच विचारते, "तू कुणाची गं?"

फिलूचे डोळे भरले. ते बघून कतरीननं पदरानं तिचे डोळे पुसले. नाव आठवेना, पण माया काही जाईना. ती म्हणाली, "बाबा रे, माझं मला परत दे. कंबर दे, धुकं दे, पण ही पोर दे."

"देतो," तो म्हणाला. "पण आता एकटीनं म्हातारं व्हायचं नाही. मीही म्हातारा होईन तुझ्याबरोबर."

मग फिलू तिला फिलू दिसली. गाण्याशिवायचं पाणी तिनं ओतून दिलं आणि पुन्हा दोर धरला. तिच्या हातांखाली आणखी दोन हात आले. त्यांच्या तळव्यांवर खिळ्यांचे वण होते. कतरीनमाय गायली, कळशी वर आली. गाणं संपलं तेव्हा तिथं दोघीच होत्या. ओल्या काठावर पावलं मात्र तिघांची.

फिलूचं लग्न झालं, सगळी सुखात राहिली. कतरीनमाय आणखी म्हातारी झाली, पण कधी पडली नाही.

ती विहीर आता बुजली रे. फार आठवण येते तिची. गाणं मात्र मला येतं, कारण फिलू माझी आजी.

चला, क्रूसाची खूण करा आणि मिटा डोळे. मी उठते हळूहळू. नाही, तू नको धरूस बाळा. मला धरणारा आहे.