बेचाळीसला लागलेला वेळ

केतकीच्या तोंडून ‘आबा’ हा पहिला शब्द निघाला तो सहाव्या वर्षी. तोवर तिच्या आजोबांनी, तातोबांनी, धीरानं वाट पाहिली होती. आता ती सातवी पास झाली, म्हणून तिला घेऊन ते हायस्कुलात आठवीच्या प्रवेशाला आले.

“सात सक किती गं?” रणदिवे हेडमास्तरांनी विचारलं आणि लगेच मान हलवली. “नाही जमायचं, आजोबा. आमची पोरं चुटकीसरशी उत्तर देतात. तुम्हीच सांगा, हिला का घेऊ?”

तातोबांनी नातीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ते गप्प बसले.

हेडमास्तर थांबले. छताचा पंखा कुरकुरत राहिला, तरी म्हातारा बोलेना.

“अहो, बोला की काहीतरी!”

“बे... बेचाळीस,” केतकी म्हणाली.

तातोबा हळूच हसले. “सर, म्हातारा माणूस म्हणून तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबलात. तेवढ्यात तिचं आलंसुद्धा. माझं अजून यायचंय.”

हेडमास्तर खुर्चीतून उठले आणि त्यांनी केतकीपुढे हात केला. तिनं तो धरला आणि आबांकडे मागं वळूनही न बघता ती सरांसोबत वर्गाकडे निघून गेली.