गोजरानं गूळ घेतला नाही

नदीच्या काठावर एक गाव होतं. गावाला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. आमच्याकडे कुणीही काहीही बोलू शकतो, असं तिथली माणसं पाहुण्यांना सांगत.

ते अगदीच खोटं नव्हतं. दर वर्षी चैत्रात देवळापुढच्या अंगणात सभा भरे. पाटलांच्या शेजारी गुळाचं ताट ठेवलेलं असे. ज्याला बोलायचं असेल त्यानं ताटातून एक खडा उचलायचा, तोंडात घोळवायचा आणि मग बोलायचं. गूळ खाऊन बोललेल्या शब्दाचा राग कुणी धरायचा नाही, अशी रीत होती. त्या दिवशी भाऊ भावाची चूक सांगे, सून सासूची सांगे. पाटलांनाही लोक दोन शब्द सुनावत आणि पाटील हसून ऐकून घेत. सूर्य मावळला की सभा उठे.

खालच्या वस्तीतली माणसं अंगणाबाहेर चिंचेखाली बसून ऐकत. देवापुढच्या ताटाला त्यांनी शिवायचं नसे. म्हणून ती कधी बोलत नसत. गावाला वाटे, त्यांना काही सांगायचं नसेल.

नदीला पूल नव्हता. एकच नाव होती, आणि नावेलाही रीत होती. पहिल्या खेपेला वरची आळी जाई, दुसऱ्या खेपेला मधली आळी, खालची वस्ती सगळ्यांत शेवटी. पावसाळ्यात पाणी चढून काठावरच्या शेंदरी दगडाला लागलं की नावाडी नाव बांधून टाकी. त्यामुळे जी खेप राहून जायची, ती शेवटचीच असायची.

खालच्या वस्तीत गोजरा नावाची एक विधवा होती. टोपल्या विणून तिनं दोन लेकी वाढवल्या होत्या. मागच्या भादव्यात थोरली लेक बाळंतपणाला आली आणि अडली. वैद्य पलीकडच्या काठाला राहत. गोजरा तिला घेऊन नदीवर बसून राहिली. शेवटची खेप काही झाली नाही. लेक काठावरच गेली.

आता धाकटी शेवंता माहेरी आली होती. तिला श्रावणात दिवस भरणार होते.

त्या चैत्रात गोजरा चिंचेखालून उठली आणि अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली.

“पाटीलबाबा, मला बोलायचंय.”

सगळ्यांनी माना वळवल्या. पाटील मनानं चांगले होते. ते म्हणाले, “बोल की गोजरे. इथं कुणाला बंदी आहे?”

“आधी गूळ,” गुरव म्हणाला.

मग प्रश्न पडला. गूळ द्यायचा कसा? एकजण म्हणाला, वरून हातावर टाका. गुरव म्हणाला, देवापुढचा गूळ असा टाकतात का? तिसरा म्हणाला, मग पानावर ठेवून पान सरकवा. चौथ्यानं विचारलं, सरकवणार कोण? बराच वेळ गेला. गोजरा हात पुढे करून उभी होती. तिचा हात दुखायला लागला.

शेवटी तिनं हात खाली घेतला. “गूळ राहू द्या,” ती म्हणाली. “माझं बोलणं थोडंच आहे. अडलेल्या माणसाला नावेत आधी घ्या. मग ते कुणाचंही असो. माझी एक लेक वाट बघता बघता गेली. दुसरीचे दिवस श्रावणात भरतील.”

 मग केरबा नावाडी उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“म्हणजे तुझ्या लेकीला मी मारलं?”

“तसं नाही म्हटलं, केरबादादा.”

“मग कसं म्हटलंस? नाव कोण हाकतो? मीच ना?”

वरच्या आळीतल्या काकू म्हणाल्या, “थांबायला काय तुम्हालाच लागतं? जत्रेच्या दिवशी आम्हीसुद्धा उन्हात तासभर उभ्या होतो. आम्ही केला का तमाशा?”

गोजरा कडेलाच उभी राहिली.

“आणि सगळं गाव वाईट का गं?” काकूंना आता रडू येऊ लागलं. “मी तुला आदल्या वर्षी दिवाळीला माझं नेसतं लुगडं दिलं होतं. विसरलीस?”

“नाही विसरले, काकू. थोरलीला त्यातच गुंडाळून नेली.”

हे ऐकून अंगण भडकलं. “बघा, बघा कशी कडू बोलते!” “काकूंनी केलं त्याचं हे फळ!” “गूळ नाही ना घेतला, मग जीभ अशीच सुटणार!” चार बायका काकूंना पाणी द्यायला धावल्या. गोजराला पाणी कुणी विचारलं नाही.

मधल्या आळीत हरबा नावाचा विणकर होता. बाईचं म्हणणं त्याला पटलं होतं. त्यानं पुढे होऊन ताटातला खडा उचलला, तोंडात टाकला. मग त्याच्या मनात आलं, अडलेल्याला आधी घेतलं तर दुसऱ्या खेपेतल्या कुणाला तरी उतरावं लागेल. ते आपल्यातलंच असेल. त्यानं गूळ गिळला आणि तो खाली बसला.

वाद चालू राहिला. गूळ न खाता बोललेलं ऐकायचं का? ऐकलं तर त्याचा राग धरता येतो का? काकूंची माफी कुणी मागायची? ऊन उतरलं. सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा पाटलांनी निवाडा दिला.

“खालच्या वस्तीला गूळ मिळत नाही, हे बरं नाही. पुढच्या चैत्रापासून चिंचेखाली त्यांच्यासाठी वेगळी पत्रावळ मांडू. त्यांनीही गूळ खावा आणि गोड बोलावं.”

सगळ्यांना हलकं वाटलं. एवढं मोठं मन कुठल्या गावाचं असतं, असं म्हणत लोक उठले. केरबाचाही राग गेला.

“आणि नावेचं, पाटीलबाबा?” गोजरानं विचारलं.

“धीर धर गं. एका दिवसात सगळं कसं होईल? ते पुढच्या सभेत बघू.”

श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे शेवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तरी सुटका होईना. वस्तीतल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून तिला नदीवर आणलं. पाणी चढत होतं.

पहिली खेप भरली होती. वरच्या आळीची माणसं बेलाची पानं घेऊन पलीकडच्या महादेवाला निघाली होती. शेवंता कण्हत होती. ते सगळ्यांना ऐकू येत होतं. केरबानं एकदा झोळीकडे पाहिलं, एकदा नावेतल्या माणसांकडे. कुणीतरी उठेल, असं त्याला वाटलं. कुणी उठलं नाही. त्यानं नाव सोडली.

दुसऱ्या खेपेला मधली आळी बसली. हरबाही बसला. नाव पलीकडे पोचेपर्यंत तो पाण्याकडेच बघत राहिला.

नाव परत आली, तेव्हा पाणी शेंदरी दगडाला लागून वर गेलं होतं. नदीत झाडं वाहत होती. केरबा हात जोडून म्हणाला, “गोजराबाई, आता नाव घातली तर कुणीच वाचणार नाही.” आणि तो मान फिरवून रडला.

दुपार व्हायच्या आत शेवंता गेली. पोटातलं मूलही गेलं.

बातमी ऐकून पाटील धावत काठावर आले. त्यांना खरंच फार वाईट वाटलं. ते गोजराजवळ चिखलात बसले आणि म्हणाले, “अगं, मला आधी सांगायचं नाहीस का? मी नाव थांबवली असती.”

गोजरानं लेकीच्या तोंडावर पदर ओढला.

“सांगितलं होतं, पाटीलबाबा.”

पाटील आठवू लागले. सभा आठवली. केरबा चिडला होता ते आठवलं, काकू रडल्या होत्या तेही आठवलं. गोजरानं गूळ घेतला नव्हता, हे तर अगदी स्पष्ट आठवलं. ती काय म्हणाली होती, ते मात्र त्यांना काही केल्या आठवेना.

तात्पर्य: दुखावलेल्याला बोलू दिलं म्हणून न्याय होत नाही. तो कसा बोलला यावर आपण भांडत बसतो आणि काय बोलला ते विसरून जातो. ते विसरणं मग त्याच्याच घरातला कुणीतरी जीव देऊन भोगतो.