शेंड्यावरचं न्यायालय

सकाळी दहा वाजता सावरीच्या शेंड्यावर जंगलाचं न्यायालय भरलं. ही फार जुनी गोष्ट. मगरीने कासविणीची नदीकाठची वाळू बळकावली होती आणि कासविणीला चार दिवसांत अंडी घालायची होती.

"कासवीण हाजिर हो!" माकडाने वरून पुकारा केला.

"अरे बाबा, बुंध्याशीच उभी आहे मी!"

"वर या, मावशी. खालचं बोलणं इथे नोंदत नाहीत."

"मग मगर कशी चढली?"

"त्यांचा वकील कावळा आहे. तो उडत आला."

कासविणीने बुंध्यावर पाय टेकले आणि ती उताणी पडली. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर न्यायमूर्ती गरुडाने निकाल दिला: वादी गैरहजर, दावा फेटाळला.

कासविणीने अंडी चिखलात घातली. ती सगळी कुजली. शेंड्यावरून सगळ्यांना दिसणारी कासवीण गैरहजर कशी ठरली, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.