मांजरीला आग्रह

“म्हणजे आता मांजरीच्या पाया पडायचं तेवढं राहिलंय का, बुवा?”

अण्णांनी हे विचारलं तेव्हा मांजर आमच्या दोघांच्या मधे होती. जाळीच्या टोपलीत, आमच्याकडे पाठ करून.

बुवांनी वर पाहिलं नाही. ते वाल सोलत होते.

चौलच्या वाटेवरच्या या मठात रिकाम्या हातानं बसायची रीत नाही. फोन ओसरीवरच्या फळीवर ठेवायचा, पाय धुवायचे आणि आत यायचं. आत आलं की कोमट पाण्यातल्या मोड आलेल्या वालांचं ताट पुढ्यात येतं. दुपारच्या प्रसादाला बिरडं असतं. जन्ममरणाची शंका असली तरी ती वाल सोलता सोलता विचारायची.

अण्णांनी आपलं ताट बाजूला सारलं.

“आम्हाला वेळ नाही. बाराच्या आत हिला परत करायचीय.”

“कुणाला?”

“जिथून आणली तिथे. अलिबागला. टाकून दिलेली मांजरं सांभाळतात ना, त्यांच्याकडे.”

“मग जा.”

अण्णा उठले नाहीत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. ते निवृत्त झाले, त्यांचा आवाज झाला नाही. मांजर त्यांना परत करायचीच होती, पण बुवांनी ‘योग्य करतोयस, मोरेश्वर’ असं म्हटल्यावर. तेवढ्यासाठी वाट वाकडी करून आम्ही इथे आलो होतो.

त्यांचं ताट मी माझ्याकडे ओढून घेतलं. हाताला काहीतरी हवं होतं.

मांजर मी मागितली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी मागितलेली एकच गोष्ट. देताना तिथल्या तस्नीमनं बजावलं होतं, “हिला एका घरानं आधीच परत पाठवलंय. आता पुन्हा आली तर मी कुणालाच देणार नाही हं. राहू दे पिंजऱ्यात, होऊ दे तिथंच म्हातारी.”

हे मी घरी सांगितलं होतं. आमच्या घरात सांगितलेलं सगळे ऐकतात. मग सगळे एकदम बोलतात.

“काय केलं तिनं?” बुवांनी विचारलं.

“काही केलं नाही! तेच तर म्हणतोय!” अण्णा गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. टोपली हलली. “कपाटामागे जाऊन बसते. खात नाही. बघत नाही. हाक मारली की अजून आत सरकते. बोचकारते. सुहृदच्या हाताचं बघाल तर...”

सुहृद माझा नवरा. त्याच्या हाताचं काय झालं ते मी बघितलं होतं. तो हात कपाटामागे खांद्यापर्यंत गेलेला होता, हेही बघितलं होतं.

“आणि तुम्ही काय केलंत?”

“काय नाही केलं ते विचारा. आली त्या दिवशी आमच्या हिनं दारात ओवाळलं तिला. तांदळाचं माप ठेवलं उंबऱ्यावर. सूनबाईच्या वेळचंच.”

खरं होतं. सासूबाई निरांजन घेऊन उभ्या होत्या, शेजारच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. ते माप मी पायाच्या अंगठ्यानं हळूच कलंडलं होतं, तेव्हा सगळ्या म्हणाल्या होत्या, किती गं नाजूक. मांजरीनं ते चारी पायांनी उडवलं आणि कपाटामागे गेली. अजून सोफ्याखाली तांदूळ सापडतात.

मला तिचा फार हेवा वाटला होता.

“निरांजन?” बुवांचा हात थांबला. “तिच्या तोंडापुढे?”

“मान म्हणून, बुवा!”

“तुझ्या मिशीपुढे धरू का? मान म्हणून?”

अण्णांनी नकळत मिशीवरून हात फिरवला.

“मग नाव ठेवलं. वसुंधरा.”

“आधीचं काय होतं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

“चिंगी,” मी म्हणाले.

आमच्या घरात आलेलं कुणी जुन्या नावानं राहत नाही. मलाही तांदळाच्या ताटात नवं नाव मिळालं होतं. निदान मी त्याला ओ देत होते. ही देत नव्हती.

“पुढे?”

“पुढे वेळापत्रक केलं. सकाळी मी, दुपारी आमची ही, संध्याकाळी सुहृद. प्रत्येकानं तिला मांडीवर घेऊन बसायचं. सवय व्हावी म्हणून. येणारेजाणारे मुद्दाम भेटायला यायचे. कपाटामागे अंधार, म्हणून बॅटरी लावून दाखवायचो. आणि जेवण! ताजा बांगडा, काटे काढलेला. आम्ही सगळे भोवती बसायचो, एकेक घास हातात धरून. हा माझ्या नावाचा, हा आजीच्या नावाचा... आग्रह करण्यात आम्ही कधी कमी पडलो नाही, बुवा. दोन्ही हातांनी प्रेम केलं.”

“हं.”

“आणि ती काय करते? सगळे बाहेर गेले की येऊन खाते! चोरासारखी! घरच्या अन्नाला चोरासारखं खायचं?”

बुवांनी सुस्कारा सोडला. बुवा शांत आहेत असं लोक सांगतात. ते लोक बहुधा अण्णांच्या बरोबर आलेले नसावेत.

“सोड तिला,” ते म्हणाले.

“इथे?”

“दार लाव आणि सोड.”

मी खोलीचं दार लावलं, टोपलीचं उघडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक राखाडी रेघ जमिनीवरून गेली आणि बुवांच्या लाकडी पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीमागे, दिसेनाशी झाली.

अण्णा लगेच चारी पायांवर झाले. धोतर सावरत त्यांनी डोकं पलंगाखाली घातलं.

“वसुंधराऽ! ये, ये... शुक शुक... अगं, इकडे बघ, कोण आलंय!”

हजेरी घेतात तसा आवाज. गैरहजर राहिलेल्या मुलाचा विचार करून मला कसंतरीच झालं.

“दिसली का?” बुवांनी विचारलं.

“नुसते डोळे दिसतात.”

“तिलाही तुझे तेवढेच दिसतायत. बाहेर ये.”

अण्णा बाहेर आले. कपाळाला कोळिष्टक लागलं होतं. ते पुसून द्यावं असं वाटलं, पण मी बसून राहिले.

“ताट घे.”

“बुवा, बारा वाजता तिकडचं दार बंद...”

“ताट घे, मोरेश्वर.”

अण्णांनी पलंगाला पाठ टेकली, पाय पसरले आणि माझ्याकडून ताट घेतलं. एक वाल उचलून दाबला. सालाबरोबर वालाचीही दोन शकलं झाली. दुसरा दाबला. त्याचंही तेच. वाल हलकेच चिमटीत धरावा लागतो, मग तो आपला आपण बाहेर येतो. अण्णांनी आयुष्यात वाल सोलला नव्हता. पण सोलता येत नाही हे ते कबूल करणार नव्हते.

“मोडतोयस,” बुवा म्हणाले.

“मोडले तरी शिजणारच आहेत.”

“बिरडं अख्ख्या वालाचं असतं.”

थोडा वेळ नुसती सालं पडण्याचा आवाज. थोडाच. अण्णांना गप्प बसवत नाही.

“खरं सांगू का, जनावराला प्रेमाची किंमत नसते. नाहीतर आमचं घर कसं आहे, तुम्हाला माहीत आहे. आल्यागेल्याला कधी परकं वाटू दिलं नाही आम्ही. एकालाही नाही. विचारा की, ही सूनबाईच आहे समोर. विचारा.”

मी मान खाली घातली. हे मला चांगलं जमतं.

बुवांनी खरंच विचारलं. वर न बघता.

“पोरी, या घरात पोटभर पहिल्यांदा कधी जेवलीस?”

मी वाल सोलला. मग अजून एक.

कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. बुवांची नजर त्यांच्या ताटात होती, अण्णांची त्यांच्या मोडक्या वालांत. बहुतेक म्हणूनच माझ्या तोंडून निघून गेलं.

“तुम्ही सगळे रोह्याला बारशाला गेला होतात ना, अण्णा... गॅसवाला यायचा होता म्हणून मी मागे राहिले होते. त्या दिवशी.”

“काय जेवलीस?”

“कालचा भात. दही. लोणच्याचा खार.” मी थांबले. “ओट्याशी उभी राहून. पातेल्यातूनच.”

अण्णांच्या हातातला वाल तसाच राहिला.

“अगं, पण...” ते म्हणाले. “त्याच्या आधी किती दिवस... रोज आम्ही सगळे तुझ्या भोवती बसून... एवढ्या आग्रहानं...”



माझं बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. तेवढंसुद्धा कसं बोलले कोण जाणे. घरी जाऊन याचं काय होणार, हा विचार मनात आला. मांजर तर जाणारच होती. आता पानावर आग्रह करणारी माणसंही दुखावली.

बुवांनी एक वाल सोलला आणि मधल्या पातेल्यात टाकला.

अण्णा सोलायला लागले.

न बोलता.

मी लग्न होऊन आल्यापासून अण्णांना असं पाहिलं नव्हतं. ते खाली वाकून, भुवया आक्रसून, एकेक वाल चिमटीत धरत होते. काही मोडत होते. मग एक अख्खा निघाला. त्यांनी तो बोटांत धरून थोडा वेळ पाहिला. कुणाला दाखवला नाही.

खिडकीतलं ऊन पेटीवरून जमिनीवर आलं. स्वयंपाकघरातून नारळ खवल्याचा आवाज येत होता. बाहेर ओसरीवर कुणाचातरी फोन वाजून थांबला.

मग पेटीच्या कडेला एक नाक दिसलं.

मी डोळे ताटावर ठेवले. तरी कडेकडेनं दिसतंच. नाक, मग मिशा, मग एक पाय, जमीन गरम असल्यासारखा उचलून धरलेला. ती बाहेर आली. बुवांच्या सालांच्या ढिगाचा वास घेतला, आणि तो न आवडल्याचं तोंड केलं. मग माझ्याजवळून गेली. शेपटी गुडघ्याला घासून गेली असेल, नसेल.

मी मागितलेली मांजर. आणि ती गेली ती सरळ अण्णांकडे.

अण्णांच्या पसरलेल्या पायाशी ती थांबली. टाचेचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग एकदा गोल फिरून, टाचेला पाठ लावून, ती तिथेच बसली.

अण्णांचं तोंड उघडलं.

ते तोंड मला माहीत आहे. त्यातून आता ‘आली! आली! सगळ्यांनी इकडे या!’ निघणार, हे मला दिसत होतं. शेजारच्या गावापर्यंत ऐकू जाईल असं.

तोंड तसंच उघडं राहिलं.

मग मिटलं.

अण्णांनी वाल उचलला. तो अख्खा निघाला.

ओसरीवर फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी ओळखू आला. शाळेच्या घंटेसारखा आवाज, तो आमच्या घरात एकाच माणसाच्या फोनला आहे. तस्नीमचा असणार. बारा वाजत आले असणार, येताय की दार लावू, असं विचारायला.

मांजरीचे कान मागे गेले.

मी उठायला गेले. अण्णांनी मान न हलवता, ओठ न हलवता म्हटलं, “सूनबाई... बस.”

“अण्णा, त्या वाट बघत असतील...”

“वाजू दे.”

फोन वाजला, वाजला आणि थांबला. मांजरीचे कान जागेवर आले. तिनं हनुवटी पंजावर टेकवली.

अण्णांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. अंगठा मोठ्या कष्टानं सरळ राहिला होता. मुख्याध्यापक असताना यांनी कुणाला अंगठे धरून उभं केलं असेल, तर त्या सगळ्यांचं आज फिटलं असं मला वाटलं.

ताटातले वाल कमी होत गेले. शेवटचे थोडे राहिले, तेव्हा अण्णा ते फार सावकाश सोलायला लागले. एका वालाला एवढा वेळ कुणी दिला नसेल. तरी शेवटी एकच उरला. मग तोही पातेल्यात गेला.

ताट रिकामं झालं. अण्णांचे हात हवेत राहिले. आता ते कुठे ठेवावेत, नजर कुठे ठेवावी, काही कळेना. नजर खाली, टाचेकडे, जायला लागली...

“बुवा,” ते कुजबुजले. “वाल संपले.”

बुवांनी दोन्ही हातांनी आपल्या पुढ्यातला सालांचा ढीग उचलला आणि अण्णांच्या ताटात ओतला.

“मग सालं सोल.”