लाखेचा ठिपका

“न उघडता सांगताच येणार नाही का, चाचा?”

मुकुंदराव देवस्थळींनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

मिरजेतले जुने कॅमेरा-दुरुस्तीवाले दस्तगीरचाचा लेन्स बोटांत फिरवीत राहिले.

नुसत्या क्रमांकावरून लेन्सचा प्रकार सांगणारा माणूस, अशी मुकुंदरावांची ख्याती होती. ही विद्या त्यांना चाचांच्या याच कामाच्या बाकावर मिळाली, हे अलीकडे ते कोणाला सांगत नसत.

“पत्र दिलंस लिहून?”

“दिलं. गणपुल्यांची लेन्स दुर्मीळच आहे, असं संग्रहालयाला सहीनिशी.”

“मग घाबरलास कशाला?”

“काल हिच्या पाठोपाठच्या क्रमांकाची लेन्स हाती आली... साधी निघाली.”

दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच. दुर्मीळ लेन्सची आतली काच तेवढी हाताने घासलेली असे, आणि तिच्या कडेवर कारागिराने पेन्सिलीने तारा काढलेला असे. ‘माझी लेन्स ताऱ्याची आहे,’ असे छायाचित्रकार गणपुले मरेपर्यंत सांगत राहिले, आणि गाव त्यांना हसत राहिले. आज चार वाजता त्यांची मुलगी लेन्स न्यायला येणार होती. उद्या संग्रहालयात ही लेन्स चारचौघांसमोर उघडली जाणार होती.

चार वाजायला दहा मिनिटे उरली होती.

चाचांनी स्क्रूड्रायव्हर पुढे सरकवला. “उघड की.”

“स्क्रूवरचा लाखेचा ठिपका फुटेल. कारखान्याची मूळ लाख शाबूत आहे, म्हणजे लेन्स कधी उघडलेली नाही, असंही लिहिलंय मी.”

“कारखान्याची?”

चाचांनी खण ओढला, लाल लाखेचा एक तुकडा काढला आणि लेन्सशेजारी ठेवला.

रंग तोच होता.

“कासाराकडची आहे ही, बांगड्यांची. छत्तीस वर्षांपूर्वी मीच लावली... तू मात्र ओळखलीस हो बरोबर.”

पत्रातले एक वाक्य खोटे ठरले होते. दुसरे त्या ठिपक्याखाली होते.

“म्हणजे तुम्ही आत पाहिलंत. तारा होता?”

चाचांनी लाखेचा तुकडा परत खणात ठेवला.

“चाचा, होता का तारा?”

खाली दार वाजले. लाकडी जिन्यावर चपलांचा आवाज येऊ लागला... सावकाश, एकेक पायरी.

मुकुंदरावांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याचे टोक ठिपक्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

“मी स्क्रू काढला,” चाचा हळू आवाजात म्हणाले, “आणि गणपुल्यांनी माझं मनगट धरलं. ‘राहू द्या, दस्तगीर,’ म्हणाले. मी आत न पाहताच परत बसवला...”

चपला दारापाशी थांबल्या.

चाचांनी आपले दोन्ही हात बाकाखाली घेतले.

“तुझं मनगट कोणी धरलंय?”